आखूड हौद्याचा पिकअप आणि फिफ्थ व्हीलची हिच

डेन्व्हर, कोलोरॅडो
ता. ९ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चिरंजीवांनी टेक्सासात आखूड हौद्याचा पिकअप घेतला आणि आता त्यामागे फिफ्थ व्हीलचं फिरतं घर, म्हणजे हौद्यातल्या सांध्यावर टेकणारा राहता ट्रेलर, जोडायचं मनात आहे, तर हिच, म्हणजे तो जोडणीचा सांधा, कोणती घ्यावी, असं तू विचारलं आहेस. "कुठलीही चालते, दुकानदार बसवून देतो," असं तो तुला म्हणाला, ते वाचून हे पत्र लगेच लिहायला घेतलं. कुठलीही चालत नाही. पत्राचा फोटो काढून त्यालाही पाठव.

जोडणी काय असते ते तुला सांगायला नको. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जे ट्रेलर उभे असतात, त्यांचा घोडा (ओढणारा पुढचा ट्रक) आणि मागचा सांगाडा किंगपिननं, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या तळाला असलेल्या जाड खुंटीनं, जोडलेला असतो, तीच ही तऱ्हा. जुन्या घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी एक आडवं चाक असायचं, त्यावरून 'पाचवं चाक' हे नाव आलं. इथल्या पिकअपमागच्या ट्रेलरची पिन दोन इंची असते आणि तिला धरणारा जबडा हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा इंच-दोन इंच पुढे बसतो. हमरस्त्यावर चालताना आसाच्या मागे मात्र तो कधीच नसावा. ट्रेलरचा भार आसाच्या मागे पडला की पिकअपचं नाक उचलतं, पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही हलके पडतात.

अडचण इथूनच सुरू होते. तुमच्या घोड्याला पाठीमागे उघडी चॅसिस असते, केबिन आणि ट्रेलर यांत ऐसपैस जागा. पिकअपचा लांब हौदा आठ फुटी असतो, तिथेही जागा पुरते. आखूड हौदा मात्र साडेसहा फुटांच्या आसपास, आणि हलक्या गाड्यांत तर साडेपाच फुटी. हौदा आखूड झाला की मागचा आस केबिनजवळ येतो. भाराला पिन आसावर हवी आणि वळायला तीच पिन केबिनपासून लांब हवी. आखूड हौद्याच्या सगळ्या हिच म्हणजे या दोन मागण्या भागवण्याच्या वेगवेगळ्या युक्त्या आहेत.

आकडे घालून बघ. समज, आसाच्या मध्यापासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत ४२ इंच आहेत. ट्रेलर ९६ इंच रुंद, म्हणजे पिनपासून बाजूपर्यंत ४८ इंच. ट्रेलरचं नाक पिनच्या पुढे २० इंच. मग पिनपासून नाकाच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर काटकोन त्रिकोणाच्या हिशेबानं ५२ इंच येतं. ४२ इंचांत ५२ मावणार नाहीत. गाडी वळत गेली की कोपरा काच फोडतो किंवा छताचा पत्रा चेपतो, आणि त्यासाठी काटकोनात वळावं लागत नाही. नाक चौकोनी असेल तर या मापांत तीसेक अंशांवरच कोपरा टेकतो. हे बहुधा रिव्हर्स घेताना घडतं, कारण तेव्हा चालकाचं लक्ष आरशात, ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे असतं.

आता हिच सरकवून पिन १२ इंच मागे नेली तर जागा ५४ इंच होते. ५२ चा कोपरा दोन इंचांनी सुटतो. पण ट्रेलर १०२ इंच रुंद असेल, आणि मोठे ट्रेलर तेवढे असतात, तर तिरकं अंतर जवळजवळ ५५ इंच होतं आणि सरकवूनही टक्कर होते. म्हणून "स्लायडर (सरकणारी हिच) घेतला की झालं" हे खरं नाही. हल्ली बहुतेक ट्रेलरचं नाक गोल किंवा कोपऱ्यात आत घेतलेलं असतं, त्यामुळे पिनपासून नाकावरच्या सगळ्यात लांबच्या बिंदूपर्यंतचं अंतर टेप लावूनच घ्यायचं, माहितीपत्रकातलं नाही. शिवाय रस्ता कधी सपाट नसतो. पिकअप एका बाजूला कलला की वरचा कोपरा आणखी जवळ येतो. तीन-चार इंच मोकळे राहत नसतील तर मी त्याला जागा म्हणणार नाही.

पण हिचच्याही आधी वजन. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर पिवळ्या रंगाचा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते छापलेलं असतं. फिफ्थ व्हीलचा पिनवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण २० टक्के धरायचा; पंधरापासून पंचवीसपर्यंत तो जातो. भरलेला ट्रेलर १२,००० पाउंड, म्हणजे सुमारे ५,४४० किलो असेल, तर पिनवर २,४०० पाउंड आले. हिच स्वतः दीड-दोनशे पाउंडांची, स्लायडर त्याहून जड. चार माणसांचे सहाशे. हौद्यातलं सामान दोनशे. बेरीज ३,४०० पाउंड. हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गाच्या, पिकअपच्या स्टिकरवर बहुधा १,५०० ते १,९०० असतात. त्याचा पिकअप हाफ-टन असेल तर या वजनाच्या ट्रेलरचा विषय इथेच संपला, हिच कितीही भारी असो. त्याच्या वरचा, थ्री-क्वार्टर-टन असेल तरी स्टिकर वाचल्याशिवाय बोलू नये, कारण डिझेल इंजिन जड असतं आणि तेवढा भार पेलोडमधून, म्हणजे पाठीवर घेता येणाऱ्या वजनातून, वजा होतो. जाहिरातीतला 'इतके हजार पाउंड ओढते' हा आकडा ओढण्याचा आहे, पाठीवर घेण्याचा नाही. फिफ्थ व्हीलमध्ये आधी पाठ थकते.

वजन बसलं तर मग प्रकार बघायचे.

साधी स्थिर हिच सगळ्यात हलकी, स्वस्त आणि कमी कटकटीची. ट्रेलरचं नाक आत घेतलेलं असेल आणि मापात चार इंच उरत असतील तर आखूड हौद्यातही हीच घ्यावी.

हातानं सरकवायचा स्लायडर ही बहुतेकांची पहिली निवड. हमरस्त्यावर पिन आसावर राहते. तंग जागी वळायच्या आधी सरळ रेषेत थांबायचं, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावायचे किंवा त्याचे ब्रेक हातानं धरायचे, दांडा ओढून कुलूप सोडायचं आणि पिकअप हळू पुढे घ्यायचा. ट्रेलर जागीच राहतो, पिकअप त्याच्याखालून पुढे सरकतो आणि हिच हौद्यात मागे जाऊन खटकन बसते. काम झालं की हेच उलट. यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, माणूस सरकवायचंच विसरतो. दुसरी, मागे नेलेली हिच पुन्हा पुढे न आणता हमरस्त्याला लागतो, म्हणजे सगळा भार आसाच्या फूटभर मागे. ही चूक सगळ्यात वाईट. तिसरी, सळ्यांवर धूळ आणि वाळलेलं ग्रीस साचून कुलूप अर्धंच बसतं. दर वेळी खाली उतरून, बॅटरी मारून, खटका पूर्ण आत गेलाय का ते डोळ्यांनी बघायचं. गाडीत बसून आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

आपोआप सरकणारा स्लायडर, उदाहरणार्थ पुलराइट कंपनीचा सुपरग्लाइड किंवा डेमको कंपनीचा ऑटोस्लाइड, वळणाबरोबरच मागे सरकतो आणि सरळ होताना पुढे येतो. विसरायला काही उरत नाही. मात्र त्याला ट्रेलरच्या बाजूनं एक पट्टी लागते, जी पिनभोवती घट्ट बसते आणि ट्रेलरबरोबर हिचचं डोकं फिरवते. ती पिन बॉक्सच्या, म्हणजे पिन बसवलेल्या ट्रेलरच्या पुढच्या भागाच्या, मापाचीच हवी. तोच ट्रेलर दुसऱ्याच्या साध्या हिचवर लावायचा झाला तर आधी पट्टीची अडचण येते का ते बघावं लागतं. किंमत आणि वजन दोन्ही जास्त, आणि वंगणाच्या जागा कंपनीनं सांगितल्या तशाच सांभाळायच्या. चिरंजीव दर आठवड्याला कॅम्पग्राउंड बदलणार असेल तर माझं मत याच्याच बाजूनं आहे. रात्री, पावसात, मुलं मागे कुरकुरत असताना दांडा ओढायला खाली उतरायची आठवण कुणालाही राहत नाही.

तिसरी वाट हिच न बदलता ट्रेलरचा पिन बॉक्स बदलायची. रीस कंपनीच्या साइडवाइंडर पद्धतीत पिन आसावरच राहते, पण ट्रेलर वळतो तो सांधा तिच्या २२ इंच मागे जातो. भार जागेवर राहतो, हा मोठा फायदा. त्यात हिचच्या तोंडात एक पाचर घालावी लागते, म्हणजे पिन फिरत नाही आणि फिरणं मागच्या सांध्यातच होतं. पाचर हिचच्या मॉडेलप्रमाणे वेगळी. चुकीची घातली तर डोकं हिसके खातं. आणि जागेचा हिशेब मग पिनपासून नव्हे, त्या सांध्यापासून मांडायचा: सांधा ते केबिन, आणि सांधा ते नाकाचा कोपरा. नाक पिनच्या पुढे बरंच आलेलं असेल तर २२ इंचांचा बराचसा फायदा तिथेच खर्च होतो.

हौद्याच्या तळातल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसणारे गूजनेक अडॅप्टरही विकतात. पिनला खाली लांब नळी जोडली की ती पहारीसारखी काम करते आणि प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्याचे वेल्ड ताणते. ट्रेलरच्या चॅसिस बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी परवानगी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. हमी रद्द होऊ शकते. बी अँड डब्ल्यू कंपनीची कंपॅनियन हिच ही मात्र निराळी गोष्ट. ती हौद्याच्या तळातल्या बॉलच्या छिद्रात एका खांबावर बसते, पण वर जबडा फिफ्थ व्हीलचाच असतो, आणि तीत स्लायडरही मिळतो. हिच काढली की हौदा सपाट, हे त्याला आवडेल.

पायाभरणी दोन तऱ्हेची. पिकअपला कारखान्यातूनच हौद्यात चार गोल छिद्रं आणि मध्ये बॉलची जागा दिलेली असेल, तर त्यात बसणारी हिच घ्यावी, भोकं पाडायला नकोत. नसेल तर दोन आडव्या पट्ट्या हौद्यातून थेट चॅसिसला बोल्टनं आवळतात. नुसत्या हौद्याच्या पत्र्याला आवळलेली पट्टी म्हणजे अपघात. त्याच्या मॉडेलचेच ब्रॅकेट, टॉर्क रेंचनं सांगितलेला ताण, आणि पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे. हौद्यात हत्यारपेटी असेल तर ती जागा खाते. मापात तिचाही विचार करायचा.

हिचची उंची लावताना ट्रेलर सपाट किंवा पुढे किंचित झुकलेला हवा. नाक वर राहिलं तर ट्रेलरच्या मागच्या आसावर जादा भार पडतो आणि तिथले टायर तापतात. त्याच वेळी हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यांत पाच-सहा इंच अंतर हवं, नाहीतर पेट्रोल पंपाच्या उतारावर चढताना कडा चेपतात. दोन्ही साधत नसेल तर कडेचं अंतर आधी सांभाळायचं आणि ट्रेलर उचलायचा विचार चांगल्या वर्कशॉपमध्ये करायचा. जबडा दोन बाजूंनी पिनला पूर्ण वेढणारा घ्यावा. एकाच पट्टीनं अडवणाऱ्यात खडखड जास्त. डोकं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, दोन्ही दिशांना झुकणारं असावं.

जोडतानाची शिस्त तुला माहीतच आहे, त्याला मात्र पाठ करायला लाव. चाकांना ठोकळे. हौद्याचं मागचं फळकं खाली. ट्रेलरची पट्टी (पिनभोवतीचा सपाट तळ) हिचच्या तव्यापेक्षा, म्हणजे जबड्याभोवतीच्या सपाट पाटीपेक्षा, साधारण अर्धा इंच खाली, म्हणजे पिकअप मागे येताना तिला किंचित उचलून घेईल. पट्टी वर राहिली तर पिन जबड्याच्या वरच्या कडेवर टेकते, दांडा बंद झाल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच धक्क्याला ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. मग बॅटरी घेऊन बघायचं: तवा आणि पट्टी यांत फट नको, जबडा पिनच्या मागे पूर्ण मिटलेला हवा. कुलपाची पिन, दिवे व ब्रेकच्या विजेचा सात पिनांचा प्लग, आणि तुटल्यास ब्रेक लावणारी तार पिकअपला, हिचला नव्हे. हिचच उखडली तर तार ओढली जायला हवी. ट्रेलरचे पाय जमिनीपासून जरासेच उचलून, त्याचे ब्रेक हातानं दाबून धरून पिकअप पुढे ओढून बघायचा. सुटला तर पायांवर बसेल. नाही सुटला तर पाय पूर्ण वर, ठोकळे काढायचे, फळकं बंद.

पहिल्यांदा सगळं भरून निघाला की वाटेतल्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, चढव म्हणावं. तो पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजनं वेगवेगळी देतो. मागच्या आसाचा आकडा दरवाजाच्या चौकटीवरच्या मर्यादेशी आणि टायरवर छापलेल्या मर्यादेशी ताडून बघायचा.

त्याला सांग, दुकानात जाण्याआधी मला पाच मापं पाठव: दरवाजावरच्या स्टिकरचा आकडा, ओळंबा सोडून घेतलेलं आसाचा मध्य ते केबिनच्या काचेचं अंतर, ट्रेलरची रुंदी, पिनपासून नाकाच्या सगळ्यात लांबच्या बिंदूपर्यंतचं अंतर, आणि सपाट जागी उभ्या ट्रेलरच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची. कागदावर लिहून फोटो पाठवला तरी चालेल. हौद्यात कारखान्याची छिद्रं आहेत का, त्याचाही एक फोटो.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आईचं गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर कळव.

तुझा,
धाकटा