छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तर आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत धावून कोण येणार ते आधी बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या शेती पुरवणीत छोट्या ट्रॅक्टरची तुलना आली होती, कुठल्या कंपनीने नवीन काय काय दिलंय आणि कुणाची गाडी जुन्या पद्धतीची पण दणकट आहे वगैरे. लेख चांगला होता, पण वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं द्राक्ष-डाळिंबवाल्यांसाठी लिहिलंय, आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या भातवाल्यांना त्यातलं निम्मं लागूच पडत नाही. मी ऐरोलीला राहतो, शेती मुरबाड तालुक्यात म्हसा गावाच्या बाजूला, घरचा छोटा ट्रॅक्टर आहे आणि पावसाळ्यात गावातल्या बाकीच्यांची चिखलणीही (लावणीआधी खाचरात चिखल करायचं काम) आम्ही भाड्याने करून देतो, म्हणून जे रोज बघतो ते लिहितोय.

आमच्याकडे ट्रॅक्टरची खरी परीक्षा जुलैमध्ये होते. पाऊस धरला, खाचरात पाणी उभं राहिलं, राबातलं (रोपवाटिकेतलं) रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की आवणी लागलीच पाहिजे, रोप जून झालं की फुटवे कमी येतात हे कुणालाही विचारा. गावातल्या सगळ्यांचं रोप एकाच वेळेला तयार होतं, मजूर एकाच वेळेला लागतात आणि ट्रॅक्टरही एकाच वेळेला लागतो. त्या दिवसांत गाडी चार दिवस उभी राहिली तर कंपनीने दिलेल्या वॉरंटीचं पुस्तक घेऊन करायचं काय? म्हणून नवीन टेक्नॉलॉजी चांगली का साधी मजबुती चांगली, या प्रश्नाचं उत्तर आमच्यासाठी एवढंच आहे की जो ट्रॅक्टर तालुक्यातल्या तालुक्यात, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी चालू होतो तो चांगला.

आता याचा अर्थ मी नव्याच्या विरोधात आहे असा कुणी काढू नये. फोर व्हील ड्राइव्ह ही नवलाई मला शंभर टक्के मान्य आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी छोटा ट्रॅक्टर म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारा हेच डोक्यात होतं, खाचरात रुतला की बांधावरून दोर टाका, फळ्या टाका, दुसरा ट्रॅक्टर बोलवा. पुढच्या चाकांनाही ताकद मिळाली की केज व्हील (चिखलात चालणारी लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून गाडी खाचरातून सरळ निघते, बांध फोडायची वेळ येत नाही. त्यातही कुबोटाच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना बेव्हल गिअरने ताकद जाते त्यामुळे चाक जास्त वळतं, दोन-तीन गुंठ्यांच्या खाचरात कोपऱ्यावर वळताना हा फरक हाताला कळतो. तसंच पुढे-मागे जाण्यासाठी सिंक्रो शटल, म्हणजे एकाच लिव्हरने झटकन दिशा बदलणारा गिअर, हेही खरं कामाचं, कारण लहान खाचरात अर्धा वेळ रिव्हर्समध्येच जातो.

आकड्यांत बघायचं तर स्वराज 724 एक्सएम आणि कुबोटा निओस्टार बी 2441 हे दोन घ्या. दोन्ही 24-25 एचपीच्या आसपासचे, कागदावर जुळे भाऊ वाटतात. पण स्वराजचं इंजिन दोन सिलिंडरचं, 1824 सीसीचं, 1800 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ताकद देणारं, आणि कुबोटाचं तीन सिलिंडरचं, 1123 सीसीचं, 2600 आरपीएमवर. एक हळू फिरतं आणि ओढ लागली तरी लवकर दबत नाही, दुसरं हलकं, कमी थरथरणारं, पण आरपीएम राखून चालवावं लागतं. स्वराजचं वजन दीड टनाच्या वर, कुबोटा टनाच्याही आत. ट्रॉलीत विटा, खडी, भाताचे भारे भरून कल्याण-मुरबाड रोडला लागायचं असेल तर वजनाची गाडीच पाहिजे, हलक्या गाडीला उतारावर मागची ट्रॉली ढकलते ते बघवत नाही. पण गुडघाभर चिखलात तेच वजन नडतं. म्हणून नुसता एचपी विचारून ट्रॅक्टर घेणाऱ्यांना मी आधी विचारतो, की बाबा तुझं वर्षातलं जास्त काम रोडवर आहे का खाचरात?

स्वराजबद्दल जुनी माणसं एवढ्या प्रेमाने का बोलतात तेही सांगतो. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत, सीएमईआरआयमध्ये, आपल्याच इंजिनिअरांनी डिझाइन केलेला हा ट्रॅक्टर 1974 मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने बाजारात आणला, पुढे 2007 मध्ये ती कंपनी महिंद्राकडे गेली. एवढी वर्षं मूळ बांधणी फारशी न बदलल्यामुळे त्याचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि उघडून बसवणारा मिस्त्रीही मिळतो. यालाच मी साधेपणा म्हणतो. व्हीएसटीचंही थोडंफार तसंच, मित्सुबिशीच्या सहकार्याने बनवलेले त्यांचे पॉवर टिलर (मागून चालत हाताने धरायची दोन चाकांची मशीन) कोकणातल्या भातशेतीत इतकी वर्षं फिरलेत की त्या कंपनीचं नाव मिस्त्री लोकांना नवीन नाही, त्यामुळे त्यांचे छोटे चारचाकी ट्रॅक्टर आले तेव्हा कुणी बिचकलं नाही. ज्यांची जमीन एकरभराच्या आत आहे, तीही उतरणीची, त्यांनी तर ट्रॅक्टरच्या नादी न लागता पॉवर टिलरच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या टोकाला महिंद्राचा ओजा आहे. 15 ऑगस्ट 2023 ला केपटाऊनला मोठा कार्यक्रम करून आणला, जपानच्या मित्सुबिशी महिंद्रासोबत मिळून बनवलेला, 20 ते 40 एचपी, सगळे फोर व्हील ड्राइव्ह. त्यात रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) उचलला की पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा मागचा दांडा, आपोआप बंद होतो, वळताना एका बाजूचा ब्रेक आपोआप लागतो, अवजार जमिनीत किती खोल जायचं ते इलेक्ट्रॉनिक कंट्रोलने धरलं जातं, मोबाइलवर गाडीची माहिती येते. वाईट काहीच नाही, पीटीओ आपोआप बंद होणं तर सेफ्टीच्या दृष्टीने प्रत्येक ट्रॅक्टरला असायला पाहिजे, फिरत्या रोटाव्हेटरजवळ पोरंसोरं जातात. पण वायर, कनेक्टर, सेन्सर जेवढे वाढतात तेवढी पावसात पाणी शिरायची ठिकाणं वाढतात आणि ते दुरुस्त करायला पान्यासोबत लॅपटॉपही लागतो. त्याची तयारी डीलरकडे आहे का, हे गिऱ्हाइकाने विचारलंच पाहिजे.

हे हवेत बोलत नाही. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने एक नवीन मॉडेल घेतलं, कंपनीचं नाव घेत नाही, ऐन आवणीत मागचं अवजार उचलणारी लिफ्ट वर जाईना. गाडी स्टार्ट होतेय, पीटीओ फिरतोय, फक्त रोटाव्हेटर उचलत नाही. गावातल्या मिस्त्रीने तेल बघितलं, पंप बघितला, सगळं ठीक, शेवटी म्हणाला, "दादा, ही भानगड वायरीची हाय, मी हात नाय लावत." डीलरचा माणूस आला तोपर्यंत चार-पाच दिवस गेले, बिघाड निघाला एका कनेक्टरमध्ये, पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या होत्या. साफ केल्यावर लगेच चालू. बिघाड एवढासा होता, पण तोपर्यंत त्याच्या खाचरांची चिखलणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने जादा भाडं देऊन झाली होती.

इंजिनाच्या बाबतीत छोटे ट्रॅक्टर अजून सुखी आहेत. 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम 4 हे प्रदूषणाचे नियम 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना लागू झाले, छोटे त्यातून सुटले, म्हणून त्यांचं डिझेल अजून साध्या मेकॅनिकल पंपावर चालतं. आमच्याकडे इंजिनापेक्षा जास्त त्रास देतात ते सील. पुढच्या अॅक्सलचा ऑइल सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) गेला की चिखलाचं पाणी आत शिरतं, ड्रेन नट उघडला तर तेल दुधासारखं पांढरट निघतं, आणि तसंच चालवत राहिलं की बेअरिंग संपलं. सील स्वस्त असतो, बेअरिंग आणि गिअर नसतात. दर पावसाळ्याआधी आणि आवणी संपल्या संपल्या हा नट उघडून तेल बघावं, पाच मिनिटांचं काम आहे.

इथेच तुमच्या लेखात एक मोठी गोष्ट राहिली. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर टेस्टिंगची संस्था आहे, तिचे रिपोर्ट कुणालाही बघता येतात. पीटीओला खरी ताकद किती मिळाली, तासाला डिझेल किती लागलं, लिफ्टने किती वजन उचललं हे त्यात असतं, आणि चिखलात चालवल्यावर कुठल्या भागात पाणी किंवा चिखल शिरला का हेसुद्धा लिहिलेलं असतं. भातवाल्यासाठी या एका तक्त्याला कंपनीच्या चकचकीत ब्रोशरपेक्षा जास्त किंमत आहे. डीलरकडे हा रिपोर्ट मागा, तो "आहे, नंतर देतो" म्हणाला तर हातात मिळाल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायर आणि ठरावीक पार्टवरचा 18 वरून 5 वर आला. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अनुदानासाठी अर्जही करता येतो. जे वाचतील त्यातून टू व्हीलऐवजी फोर व्हील ड्राइव्ह घ्या असंच मी गावात सांगतो, टचस्क्रीन आणि अॅप नंतर बघू.

माझी तुमच्या पुरवणीला विनंती आहे की पुढच्या वेळी तुलना छापाल तेव्हा एचपी आणि फीचरच्या बाजूला अजून काही रकाने टाका: त्या कंपनीचा सर्व्हिसवाला मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणात कुठे बसतो, ऑइल सील, क्लच प्लेट, लिफ्टचा सेन्सर हे पार्ट तिथे स्टॉकमध्ये असतात का, त्यांची किंमत काय, आणि जुलैमध्ये फोन केल्यावर माणूस शेतावर किती वेळात येतो. तुमच्या बातमीदाराने ऐन आवणीत फोन लावून बघावा, शोरूममध्ये मिळतं ते उत्तर आणि फोनवर मिळतं ते उत्तर दोन्ही छापावं. आणि कंपन्यांना सांगणं आहे की नवीन जरूर द्या, पण जून ते ऑगस्ट भाताच्या प्रत्येक तालुक्यात एक माणूस आणि पार्टची एक पेटी ठेवा, आणि इलेक्ट्रॉनिक लिफ्ट बंद पडली तर हाताने चालवायचा साधा लिव्हर गाडीवर असू द्या.

आपला,
एक भातशेतकरी वाचक
ऐरोली, नवी मुंबई