टिळकांकडची

नाशिक

प्रिय रजे,

दिवाळीच्या तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला आणि त्यानंतर गडप झाले. शिव्या साठवून ठेव, भेटल्यावर एकदम दे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच "मग तू काय म्हणालीस?" विचारतेस आणि माझी गाडी भलतीकडे जाते. शिवाय इथं फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू येतं. डोळे गेल्यापासून कान कसले तिखट झालेत तिचे.

तब्येतींचं उरकून टाकते. माझा गुडघा आहे तिथेच आहे. ह्यांची साखर बरी. आईच्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला गेला. नजरेच्या मधोमध काळं, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. बाकी ठणठणीत.

आता मुद्दा. चिन्मयचं ठरलंय. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, स्नेहल गायकवाड, मूळची नगरची, ख्रिश्चन. मला आवडली. मोजकं बोलते आणि चिन्मयला सगळ्यांसमोर "ए, गप रे" म्हणते. त्याला तसं म्हणणारं कुणीतरी हवंच होतं. ह्यांनी त्या दिवशी पेपर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तोंडासमोर धरला, मग म्हणाले, हॉल आत्तापासून बघायला हवा. राहिली आई.

तुला आमची आई माहीत आहे. (तुला माझ्याहून जास्त माहीत आहे असं तू म्हणायचीस, आणि त्यावरून आपलं वाजायचं.) हल्ली रोज दुपारी मी तिला वाचून दाखवते. 'स्मृतिचित्रे' चालू आहे, कितव्यांदा ते विचारू नकोस. लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, म्हणजे आईच्या लेखी नात्यातल्याच. वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या सोवळ्याचे प्रकार आले की आई पोट धरून हसते, कारण तिच्या सासूबाई, म्हणजे आमची आजी, त्याच घाण्यातली. 1895 साली लक्ष्मीबाईंचे यजमान ना. वा. टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात तिथं मात्र दरवेळी डोळ्याला पदर लागतो. मग लक्ष्मीबाईंचा पंढरपूरचा मुक्काम, नवऱ्यापासून पाचेक वर्षांची ताटातूट. ते सगळं ती सावकाश वाचायला लावते.

तर अशाच एका दुपारी, पुस्तक हातात असतानाच, मी सांगून टाकलं. आई माझ्या कानाकडे बघत गप्प. आणि एकदम उजळून म्हणाली, "नगरची ख्रिश्चन? म्हणजे टिळकांकडची!"

रजे, मी इतकी सुटल्यासारखी झाले की "हो गं" म्हटलं.

त्यानंतर बाईंना आवरणं कठीण झालंय. शेजारच्या काकूंना सांगून झालं, पुण्याच्या मावशीला फोन झाला. "टिळकांकडची सून येतेय." रेव्हरंड टिळकांची भजनं त्यांच्या देवळात अजून म्हणतात का, हे चिन्मयला विचारलं. तो म्हणाला, म्हणतात, स्नेहलला पाठ आहेत. मग काय, शिक्कामोर्तबच झालं. आडनाव गायकवाड, त्यावरून काहीच कळत नाही. आईनं ते आपल्या सोयीनं बसवून घेतलं.

मी हे स्नेहलला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "काकू, आमचे खापरपणजोबा महार होते. मिशनच्या शाळेत शिकले, तिथून पुढं सगळे. टिळकांचे आम्ही कुणी नाही. मी आले की आजींना सांगेन."

एखाद्यानं आपलं गाव सांगावं तसं सांगितलं. आणि तेव्हापासून माझी झोप उडालीये.

नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 मध्ये. त्यांच्याकडे गेलेली बहुतेक माणसं महार-मांगांची. टिळकांसारखे अगदी थोडे. पण मराठी घरांत 'ख्रिस्ती' म्हटलं की पुस्तकातले टिळकच आठवतात, कारण आपण वाचलं ते त्यांचं. आईनं धर्माची भिंत एका दुपारीत ओलांडली ती टिळकांचं बोट धरून. पलीकडे टिळक नाहीतच, दुसरंच माणूस उभं आहे, हे कळलं तर ती तिथं थांबेल की मागं वळेल?

गंमत बघ. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या तेव्हा सोवळं, पाणी, चूल सगळं सांभाळून होत्या. मग ती रात्र येते. झोप लागत नाही, विचार करकरून त्यांच्या ध्यानात येतं की जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्यात, आणि त्या कुणाच्याही हातचं खायचं ठरवून मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. म्हणजे बाईंची आधी जात गेली आणि मग धर्म. आमच्या मातोश्री उलट्या निघाल्यात. धर्म सोडायला तयार, जातीचं अजून कुणी विचारलंच नाही! आणि ते पान मी तिला किती वेळा वाचून दाखवलंय. तिथं ती "हं" म्हणते आणि "पुढं वाच". आजीच्या सोवळ्याला हसते, नानांच्या सोवळ्याला हसते. स्वतःच्या घरातल्या कपाला नाही.

हो, कपावर आलेच शेवटी. निळ्या फुलांचा. मी त्यावरून आईशी तीन दिवस अबोला धरला होता आणि तू माझ्यावरच उखडलीस: "माझा अपमान माझा मी बघेन, तू त्याच्यावर तुझी क्रांती उभी करू नकोस." वर म्हणालीस, काकू तशा नाहीत, त्यांना सवय आहे फक्त. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आत्ताही पटत नाही. सवयीनं केलेलं ज्याला लागतं त्याला कमी लागतं का? पण तू आलीस की ती तुझ्यासाठी थालीपीठं लावायची, माझ्याशी भांडून तुझी बाजू घ्यायची, हेही खरंच. तू थालीपीठ बघायचीस, मी कप बघायचे. आणि तुझ्या आजोबांनी काळारामाच्या दारात सत्याग्रह केलेला, तरी त्या घरात कप बघायचा नाही हे ठरवण्याचा हक्क तुझाच, माझा नव्हे, हे तू मला चांगलं ऐकवलं होतंस.

परवा सहज जुळवलं. काळारामचा सत्याग्रह 1930 ते 35. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा. म्हणजे गावोगावची सोवळ्यातली घरं लक्ष्मीबाईंचं धाडस वाचून गहिवरत होती तेव्हा आपल्याच गावात तुझे आजोबा देवळाबाहेर होते. वाचनानं मन विशाल होतं, असं आपण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत घसा फोडून बोललो होतो. ढाल मिळाली होती. तुझ्याकडे आहे ना अजून? परत करायला हवी.

ह्यांचं म्हणणं, कशाला सांगायचं, म्हातारी आनंदात आहे, राहू दे. चिन्मयचंही तेच. मला दोघांचा राग येतो आणि दुसऱ्या मिनिटाला वाटतं, बरोबरच आहे की. पण मग त्या पोरीनं आयुष्यभर टिळकांची म्हणून वावरायचं का? आपल्याच खापरपणजोबांना दाराबाहेर ठेवून? ती तसं करणार नाहीच. महिनाअखेरीस येतेय, आणि शांतपणे सांगून टाकेल. म्हणून मला वाटतं, त्याआधी मी सांगावं. पोरीच्या अंगावर ते पहिलं तोंड नको. आई काय बोलेल ते माझ्यासमोर बोलून घेऊ दे. की हे पुन्हा माझी क्रांतीच? तू सांग. तुला नाही विचारायचं तर कुणाला?

तुझं काय? मुक्ताची पीएच.डी. झाली का? विदर्भातला उन्हाळा, जावयाची बदली, कवितांचं ते रखडलेलं पुस्तक, सगळं लिही. भाऊसाहेबांना नमस्कार. घराच्या हप्त्यांचं मिटलं ऐकून फार बरं वाटलं.

आणि जमलं तर महिनाअखेरीस चार दिवस ये. आई तुझी आठवण काढते. स्नेहल येईल तेव्हा तू घरात असलीस तर मला धीर येईल, आणि मी जास्त बोलायला लागले तर टेबलाखालून लाथ मारायला कुणीतरी असेल. नाहीच जमलं तर रविवारी दुपारी दोननंतर फोन कर. तेव्हा आई झोपलेली असते, निदान तसं म्हणते तरी.

तुझी,
सुधा