ड्युटी बदलतानाच्या त्या दोन मिनिटांवर संशोधन हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलमध्ये चूक झाली की आपण लगेच कोणाचा तरी निष्काळजीपणा शोधायला लागतो, मीपण तेच करायचे. पण आई ॲडमिट असताना, डॉक्टरांनी रात्री बंद केलेली गोळी सकाळी परत तिच्यासमोर आली, मी शेजारी बसलेले म्हणून विचारलं आणि ती थांबली. नंतर कळलं, गोळी बंद केल्याचं ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरना सांगायचंच राहून गेलं होतं. दोघी सिस्टर अगदी मनापासून काम करणाऱ्या होत्या हो.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय. अमेरिका आणि कॅनडातल्या 9 हॉस्पिटलांच्या मुलांच्या विभागात याचाच अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला. ड्युटी सोडणाऱ्या डॉक्टरने ठरलेल्या क्रमाने सांगायचं, पेशंट किती सिरीयस आहे, आतापर्यंत काय झालं, काय करायचं बाकी आहे, तब्येत बिघडली तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मला हे शेवटचंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मान डोलावणं आणि समजणं यात फार फरक आहे. चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येण्यासारखी इजा 30 टक्क्यांनी, आणि वेळ जवळजवळ तेवढाच लागला, एका पेशंटमागे अडीच मिनिटं!

पण नुसता फॉर्म छापून भागत नाही. ऑपरेशनआधीच्या चेकलिस्टचं बघा, 2009 मध्ये छापलेल्या 8 शहरांतल्या अभ्यासात मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 वर आले, आणि पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 101 हॉस्पिटलांत ती लागू केल्यावर 2014 च्या अभ्यासात म्हणावा असा फरकच दिसला नाही. टिकमार्क करणं आणि खरंच थांबून एकमेकांना विचारणं वेगळं, म्हणून कुठे चाललं, कुठे नाही आणि का, हेही कोणीतरी वॉर्डात उभं राहून तपासायला हवं.

नवीन औषध आलं की मोठी बातमी होते, या असल्या संशोधनाची दोन ओळींचीसुद्धा होत नाही, पैसाही तिकडेच जास्त जातो. आपल्या पेपरने आरोग्याच्या पानावर याला जागा द्यावी ही मनापासून विनंती. आणि संशोधन करणाऱ्यांनी पेशंटजवळ रात्रभर बसलेल्या माणसालाही विचारावं, प्रत्येक ड्युटीला हजर असलेला तो एकटाच असतो.

आपली,
एक नियमित वाचक