संस्थापकाचे दोष आणि साक्षात्काराचा अधिकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत उदयाला आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्यावरील आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. स्मिथच्या चुका मान्य करून लेखकाने शेवटी असे म्हटले आहे की, देव आपल्या कार्यासाठी अपूर्ण माणसेच निवडत आला आहे, म्हणून त्या चुकांमुळे स्मिथच्या दैवी निवडीला बाध येत नाही. यातले पहिले विधान मला मान्य आहे. दुसरे मात्र त्यातून निघत नाही, असे माझे मत आहे.

लेखकाने बायबलमधील दावीद राजाचा दाखला दिला आहे. दावीदाने आपला सैनिक उरीया याच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि उरीयाला युद्धात मरायला पाठवले, तरीही तो देवाचा निवडलेला राजा राहिला, हे खरे. पण त्या कथेत पुढे नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहतो आणि त्याचे पाप त्याच्या पदरात घालतो. म्हणजे तिथे देवाचा शब्द राजाच्या विरोधात उच्चारला जातो. दावीदाने आपल्या वासनेलाच देवाची आज्ञा म्हटले असते, तर आपण त्या कथेकडे आज कसे पाहिले असते?

स्मिथच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उभा राहतो. त्याला स्वतःचे दोष दिसत नव्हते, असे मी म्हणणार नाही. १८२८ मध्ये लेखनिक मार्टिन हॅरिस याच्याकडून मॉर्मन ग्रंथाची, म्हणजे स्मिथ ज्याला प्राचीन धर्मग्रंथाचे भाषांतर म्हणत असे त्याची, ११६ पाने हरवली, तेव्हा स्मिथने लिहवून घेतलेल्या साक्षात्कारात देव त्यालाच फटकारतो: तू देवापेक्षा माणसांना जास्त भ्यालास, असा त्याचा आशय आहे. ते वचन त्याच्या अनुयायांच्या ग्रंथात आजही आहे आणि हा मजकूर स्मिथच्या बाजूने मोजला पाहिजे, असे मी प्रामाणिकपणे मानतो.

मात्र १५ वर्षांनंतर, १२ जुलै १८४३ रोजी, लिहून घेतलेले वचन वाचले की मन थांबते. ते बहुपत्नीत्वाविषयी आहे. त्यात स्मिथची पत्नी एमा हिला नावाने संबोधून, पतीला दिलेल्या इतर स्त्रियांचा तिने स्वीकार करावा आणि ही आज्ञा न पाळल्यास तिचा नाश होईल, असे देवाच्या मुखाने बजावले आहे. तोवर स्मिथचे असे बहुतेक विवाह होऊनही गेले होते. पंथाने स्वतः २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या विवाहांची संख्या काळजीपूर्वक केलेल्या अंदाजांनुसार ३० ते ४० असल्याचे म्हटले आहे. त्यांतील काही स्त्रियांचे पती हयात होते आणि एका मुलीला पंधरा वर्षे पूर्ण व्हायलाही काही महिने होते, म्हणजे ती अवघी चौदा वर्षांची होती, हेही तिथेच मान्य केले आहे. स्मिथचा भाऊ हायरम ते लेखी वचन घेऊन एमाकडे गेला, पण ती ते मानायला तयार झाली नाही, अशी नोंद स्मिथच्या लेखनिकाने ठेवली आहे. नकार दिला तर नाश, अशी अट जिच्यापुढे ठेवली जाते तिच्या संमतीला कितपत अर्थ उरतो, याचा विचार लेखकाने करायला हवा होता.

याच वचनात दावीदाच्या पत्नी त्याला देवानेच दिल्या होत्या आणि उरीयाचे प्रकरण वगळता त्याच्याकडून त्यात पाप घडले नाही, असे म्हटले आहे. उलट स्मिथनेच १८३० मध्ये छापलेल्या मॉर्मन ग्रंथात दावीद आणि त्याचा मुलगा शलमोन यांच्या अनेक पत्नी ही देवाला घृणास्पद गोष्ट ठरवली आहे. देवाने विशेष आज्ञा दिली तर अपवाद होऊ शकतो, असे त्या ग्रंथात पुढे सुचवले आहे खरे, पण त्याने भविष्यातल्या आज्ञेसाठी वाट उघडी राहते; दावीदाविषयीच्या दोन निवाड्यांचा मेळ त्यातून बसत नाही.

मे १८४४ मध्ये स्मिथने जाहीर भाषणात, आपल्यावर सात बायका असल्याचा आरोप होतो पण मला तर एकच सापडते, असे सांगितले. जून महिन्यात त्याच्याच माजी सहकाऱ्यांनी नावू या इलिनॉय राज्यातील मॉर्मनांच्या शहरात वृत्तपत्र काढून ही गुप्त प्रथा उघड केली. त्याचा एकच अंक निघाला. स्मिथ त्या वेळी शहराचा महापौर होता. नगरपरिषदेने ठराव केला आणि छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. वृत्तपत्राच्या वाचकाला या प्रसंगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्यांनी नाथानाचे काम केले, त्यांची वाट इथे अशी अडवली गेली.

त्यानंतर २७ जून १८४४ रोजी जवळच्या कार्थेज गावातील तुरुंगात जमावाने स्मिथ आणि हायरम यांना गोळ्या घालून ठार केले. तो निखालस खून होता. कुणाही माणसाला असा मृत्यू येऊ नये. परंतु हौतात्म्याने त्या माणसाच्या धैर्याची साक्ष मिळते, त्याच्या साक्षात्काराची नव्हे. आज या पंथाचे १ कोटी ७० लाखांहून अधिक अनुयायी आहेत, त्यांतील असंख्य लोक सचोटीने आणि सेवाभावाने जगतात. त्यांच्या चांगुलपणाविषयी मला आदर आहे. म्हणूनच तो चांगुलपणा संस्थापकाच्या दाव्याचा पुरावा म्हणून वापरला जाऊ नये असे वाटते, कारण त्याचे श्रेय मुळात त्यांचे स्वतःचे आहे.

एमा पतीच्या मृत्यूनंतर बहुसंख्य अनुयायांबरोबर पश्चिमेकडे गेली नाही. ती नावूमध्येच राहिली आणि १८७९ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, आपल्या पतीने दुसरी पत्नी केलीच नव्हती, असे तिने आपल्या मुलांना सांगितले. मॉर्मन ग्रंथावरील तिचा विश्वास शेवटपर्यंत टिकला होता. हा विश्वास आणि हा नकार एकाच स्त्रीने कशासाठी जवळ बाळगला असेल, हे समजून घेतल्याशिवाय स्मिथच्या दैवी निवडीवर निवाडा देता येणार नाही, असे मला वाटते. आपल्या लेखात तिचे नाव एकदाही आलेले नाही. या विषयावर पुढे लेखन छापताना तिलाही त्यात स्थान मिळावे, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक