आई, पालथी झोप. बाबा, तुम्ही नको

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली की तुम्ही दोघं सकाळी एकच व्हिडिओ लावून एकच व्यायाम करता. ते तेवढं आजपासून बंद करा. फोनवरचं अर्धं विसरायला होतं, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. हा कागद फ्रिजवर लावा.

दुखणं दोघांचं सायटिकाच, पण कारण वेगळं. आई, तुझ्या कमरेतली शेवटच्या मणक्याखालची गादी सरकून नसेला टेकली आहे. म्हणून बसलं, वाकलं, शिंक आली की कळ पोटरीपर्यंत जाते आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं. बाबा, तुमच्या मणक्यातली नसांची वाटच वयामुळे अरुंद झाली आहे. चाललं की पाय भरून येतात आणि कट्ट्यावर बसलं किंवा भाजीच्या गाडीवर ओणवं झालं की मोकळं वाटतं. कंबर मागे वाकली की ही वाट आवळते, पुढे वाकली की उघडते. गादीचं बहुतेक वेळा उलट असतं, पुढे वाकलं की ती मागे नसेकडे ढकलली जाते. म्हणून व्हिडिओतलं भुजंगासन बाबांना त्रास देतं आणि पश्चिमोत्तानासन आईला.

आई, आधी तुझं. पलंगावर पालथी झोप, हात बाजूला, दोन मिनिटं नुसतं पडून राहा. मग कोपर बरोबर खांद्यांखाली आणून छाती उचल आणि तशीच एक-दोन मिनिटं थांब, श्वास सोडत पोट सैल ठेव. हे दोन-तीन दिवस सोसलं, की तळहातांवर जोर देऊन छाती वर आणि परत खाली, असं 10 वेळा. कंबरेखालचा भाग पलंगावरच टेकलेला हवा. दिवसातून तीन-चार वेळा. या वेळी लक्ष कळ कुठे आहे याकडे दे, किती आहे याकडे नको. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कुल्ल्यात आली, तर व्यायाम लागू पडतोय, मग कंबर जरा जास्त दुखली तरी चालेल. कळ किंवा मुंग्या खाली पावलाकडे सरकल्या तर तिथेच थांब आणि मला कळव.

मांडीची मागची शीर आखडली म्हणून तू पाय सरळ ठेवून अंगठे धरायला जातेस. ते बंद. तिथे आखडलेला बहुधा स्नायू नसतो, चिडलेली नस असते. ती ओढली की रात्री जास्त ठणकते.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही. रात्रभर पडून राहिल्यामुळे गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि तेव्हाच तिच्यावर ताण जास्त पडतो. केर काढणं, बादली उचलणं, खाली बसून विळीवर भाजी चिरणं, सगळं नंतर. विळी तर कायमची ठेवून दे, ओट्यावर सुरी वापर. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग कोपराने रेटा देऊन बस. उताण्यावरून सरळ उठू नकोस.

बाबा, तुमचं. उताणं झोपून एक गुडघा छातीशी, 20 पर्यंत आकडे मोजा, मग दुसरा, मग दोन्ही. असं 5 वेळा, सकाळ-संध्याकाळ. चालताना दम लावून फेरी पूर्ण करू नका. पाय भरायला लागले की बाकावर बसा, पूर्ण उतरलं की पुन्हा उठा. तुकड्यातुकड्यांनी दिवसाची 20 मिनिटं भरली तरी पुरे. त्यापेक्षा घरात उभी करायची सायकल तुम्हांला जास्त मानवेल, कारण तिच्यावर अंग थोडं पुढे झुकतं. हलकं ठेवून 5 मिनिटं दोन वेळा, दर आठवड्याला 2 मिनिटं वाढवा. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना दाखवून घ्याच. चालता चालता नुसतं उभं राहिलं तरी पायाचं दुखणं थांबत असेल, बसावं किंवा वाकावं लागत नसेल, तर दोष नसेचा नसून पायाच्या रक्तवाहिनीचा असू शकतो. पावलावरची नाडी तपासायला सांगा.

दोघांनाही चालेल असा एक व्यायाम आहे: खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, कंबर सरळ ठेवून हातांचा आधार न घेता 5 वेळा, हळूहळू 10. मांड्या आणि कुल्ले मजबूत झाले की कंबरेचं ओझं ते उचलतात.

आई, चालायचं गणित असं. किती मिनिटांनी कळ गुडघ्याखाली उतरते ते मोज. 6 मिनिटं असतील तर 4 मिनिटंच चाल, पण दिवसातून चार वेळा. सपाट जागी, नाडीचे बूट घालून. नाडी बांधायला पाय स्टुलावर घे, खाली वाकू नकोस. तीन दिवस निभावलं की एक मिनिट वाढव. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर एक तृतीयांश कमी कर. बंद मात्र करू नकोस. पडून राहिल्याने सायटिका लवकर बरी होत नाही, उलट पाय बारीक आणि कमजोर होतो.

आता वजन. चालण्याने वजन फारसं उतरणार नाही हे आधीच सांगते, म्हणजे महिन्याभराने हिरमुसणार नाही. अर्धा तास सावकाश चालून साधारण 100 कॅलरी जातात, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा तेल. उतरायचं ते स्वयंपाकघरातूनच. दोघांत महिन्याला 2 लिटर तेल लागतं ना? ते 1 लिटरवर आणा, माणशी रोजच्या सुमारे 135 कॅलरी वाचल्या. तेल पिशवीतून न ओतता चमच्याने घाला, एवढ्यानेच फरक पडतो. चार चहांत प्रत्येकी दोन चमचे साखर असते, ती बंद केली की आणखी जवळपास तेवढ्याच. दोन्ही मिळून महिन्याला किलोच्या आसपास, आणि जेवणाला हात लावावा लागला नाही. जेवणात पोळी एक कमी आणि उसळ, दही किंवा पिठलं जास्त, कारण प्रथिनं कमी पडली तर चरबीआधी स्नायू झडतात. एकादशीची साबुदाण्याची खिचडी हा उपास नव्हे, दाण्याच्या कुटासकट ती जेवणापेक्षा जड पडते. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरलं तर ते चांगलं मानू नका.

बाबा, तुमची साखरेची गोळी चालू आहे. खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. आई, नसेसाठी दिलेल्या तुझ्या गोळीत प्रीगाबालिन आहे. तिने झोप येते, तोल जातो, वजनही वाढू शकतं. डॉक्टरांना हे सांग, पण गोळी मनाने एकदम सोडू नकोस. आणि दुखलं की दुकानातून वेदनाशामक आणून रोज घेणं दोघांनीही थांबवा, रक्तदाब आणि किडनीवर ताण येतो.

वजन बरोबर ठेवल्याने कंबरेवरचा भार कमी होईल, पण किलो उतरले की सायटिका गेली असं समीकरण नाही. सरकलेली गादी बऱ्याच जणांत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप आकसते. एमआरआयच्या कागदावरचे शब्द वाचून घाबरू नका, या वयात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही फुगलेल्या गाद्या दिसतात.

घाबरायचं ते याला: लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, बसायची जागा बधिर होणं, दोन्ही पाय एकदम लुळे वाटणं, चप्पल पायातून नकळत निसटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी इस्पितळात जा. दर रविवारी भिंतीला हात लावून दहा पावलं टाचांवर आणि दहा चवड्यांवर चालून पाहा. पूर्वी जमत होतं ते एका पायाने जमेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्याच रविवारी सकाळी, चहाच्या आधी, वजन करा आणि बेंबीवरून टेपने घेर मोजा. कॅलेंडरवर सहा आकडे लिहा: दोघांचं वजन, दोघांचा घेर, आईची मिनिटं, बाबांची मिनिटं. संध्याकाळी फोन करते तेव्हा आधी ते सांगा.

तुमची,
लेक