तैलरंगाच्या वर्गात आधी तेल शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सोलापुरातल्या उन्हाळी छंदवर्गांची यादी वाचली. त्यात ‘१० दिवसांत ऑइल पेंटिंग’ दिसलं आणि हसू आलं. ऑइलमधला पांढरा जरा जाड लागला तर १० दिवसांत वाळतसुद्धा नाही. टिंगल करायची म्हणून लिहीत नाही. साठी उलटल्यावर मीही असाच एक वर्ग केला, मजाही पुष्कळ आली. पण तिथं जे कळायला हवं होतं, ते पुढं तीन वर्षं कॅनव्हास नासवून कळलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्टर होतो. ३४ वर्षं शेड जुळवण्यात गेली. त्यामुळं रंगाचं आपल्याला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यातच वर्गाला गेलो. सरांनी पहिल्याच दिवशी चित्रकार हळदणकरांच्या त्या दिवा घेतलेल्या बाईची रंगीत छपाई समोर लावली आणि म्हणाले, करा सुरुवात. आम्ही १४ जण होतो. १४ बाया, १४ दिवे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगात आहे, ही गोष्ट त्या वर्गात कुणी काढली नाही. जलरंगात उजेड येतो तो पातळ रंगाखालच्या कागदाचा. ऑइलमध्ये आम्ही उजेडासाठी पांढरा घालत बसलो, आणि जितका घालावा तितका चेहरा पिठूळ. माझं चित्र घरी आणल्यावर बायकोनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “ही दळण घेऊन आली का हो?”

सरांना दोष देत नाही. त्यांचं ड्रॉइंग पक्कं, हातही सुरेख. पण ज्या तेलावरून या रंगाला नाव पडलं, त्याबद्दल महिनाभरात एक वाक्य झालं नाही. आमच्यातल्या एका तरुणाची जवसाच्या तेलाची बाटली संपली. दुकानातली छोटी बाटली महाग, म्हणून पठ्ठ्यानं घरचं शेंगतेल रंगात कालवलं. तेल ते तेल! त्याचं चित्र दिवाळीपर्यंत चिकटच. आमच्या पूर्व भागात मागांमुळं हवेत कायम रुईचा भुगा असतो, तो सगळा त्याच्या निळ्या आकाशात जाऊन बसला. तो ढग समजून खूश होता, हे वेगळं.

कापड वाळतं तेव्हा पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट होतं आणि त्याची लवचीक कातडी बनते. शेंगतेलाला तो गुणच नाही, वर्षभर ठेवा, तेलच राहणार. रंगारंगांतही फरक असतो. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं म्हणून तो झटपट धरतो. आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट आपले सवडीनं वाळतात. मे महिन्यात माझ्या पत्र्याच्या खोलीत अंबर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. पावसाळ्यात तोच रंग बोटाला येतो.

हे माहीत नसल्याची शिक्षा माझ्या सगळ्यात लाडक्या चित्राला भोगावी लागली. संक्रांतीला आमच्याकडं सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्यातले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, काढले होते. मागची गर्दी चकचकीत दिसावी म्हणून तिच्यात जवसाचं तेल सढळ हातानं ओतलं. वरून वाळलं असं वाटल्यावर नंदीध्वज धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीच्या, म्हणजे बंदांच्या अंगरख्याच्या, चुण्या टर्पेंटाइननं पातळ केलेल्या रंगात घेतल्या. पुढच्या संक्रांतीला पाहतो तर बरोबर त्या चुण्यांवर भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या. वरचा कमी तेलाचा थर लवकर कडक झाला आणि खालचा तेलकट थर अजून हलत होता. खाली तेल कमी आणि वर जास्त, एवढा साधा नियम. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला असता तर पाच मिनिटं लागली असती.

चित्र बिघडलं तर बिघडलं, पुन्हा काढता येतं. दुसरी गोष्ट मात्र जिवावरची आहे आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहितोय. ब्रश पुसायला मी सेकंडच्या, म्हणजे डागी मालातल्या, टॉवेलचे तुकडे वापरतो, आपल्याकडं त्यांना काय तोटा! एप्रिलमध्ये एका संध्याकाळी जवसाच्या तेलानं माखलेले १०-१२ तुकडे प्लॅस्टिकच्या बादलीत दाबून भरले आणि जेवायला खाली आलो. रात्री गच्चीवर झोपायला गेलो तर खोलीतून करपट, उग्र वास. बादलीत हात घातला. वरचे तुकडे थंड होते, आत मात्र गरम भाकरीच्या टोपलीत हात जावा तसं. आग कुणी लावली नव्हती, जवळ दिवा नव्हता, वायर नव्हती. तेल वाळताना उष्णता निघते. कॅनव्हासवर ती हवेत निघून जाते, चिंध्यांच्या ढिगात अडकून वाढत जाते, आणि कापूस पेटायला मग काडी लागत नाही. तुकडे तिथंच गच्चीवर पसरले आणि पाणी ओतलं. लाज या गोष्टीची वाटली, की तेलकट वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाका म्हणून कारखान्यात पोरांवर ओरडणारा मीच होतो. आता अशा चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवतो, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवतो. ज्या घरात लहान मुलं या वर्गांना जातात, तिथं हे आईबापांना माहीत हवं.

तिसरी गोष्ट ट्यूबची. टॉवेलचा रंग उन्हात किती टिकतो हे कारखान्यात १ ते ८ अशा आकड्यांत मोजतात, ८ म्हणजे सगळ्यात पक्का. चित्राच्या रंगालाही असं काही असणार, म्हणून ट्यूब उलटी करून वाचली. चांगल्या कंपनीच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा नंबर छापलेला असतो. अल्ट्रामरीन हा निळा म्हणजे पीबी (पिगमेंट ब्लू) २९, अलिझरिन क्रिमसन हा लाल म्हणजे पीआर (पिगमेंट रेड) ८३. नाव काहीही असो, माल नंबरावरून कळतो. मग जुनी खोड उफाळून आली. प्रत्येक रंगात पांढरा मिसळून पट्ट्या ओढल्या, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि दक्षिणेच्या खिडकीत लटकवल्या. दिवाळी ते दिवाळी. सोलापूरचं ऊन, त्याला वेगळी लॅब कशाला? कागद सोलला तर अल्ट्रामरीन आणि गेरूच्या पट्ट्या दोन्हीकडं सारख्या. अलिझरिनची झाकलेली बाजू डाळिंबाच्या दाण्यासारखी गुलाबी, उघडी बाजू धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखी. बायकोच्या इरकली साडीचा पदर मी नेमका त्याच रंगात काढलाय. ते चित्र आता जिन्याखालच्या सावलीत लावलंय. पण तिथंही पंचाईत, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. महिन्यातून दोन-चार दिवस त्याला उजेडात आणून बसवतो, म्हाताऱ्या माणसाला ओट्यावर आणतात तसं.

तर विनंती एवढीच, की छंदवर्ग घेणाऱ्यांनी पहिले दोन दिवस चित्र काढायला लावू नये. तेल कसं वाळतं, थर कसे द्यायचे, ट्यूबवर काय वाचायचं आणि चिंध्यांचं काय करायचं, हे हातानं करून दाखवावं. मुलांना कंटाळा येईल, ही भीती असेल तर ती मनातून काढून टाका. माझ्या नातवाला चित्रापेक्षा त्या पट्ट्यांचंच जास्त वेड आहे.

कोणाला हवं असेल तर मी दोन्ही दिवस येईन. मानधन नको. पट्ट्या, भेगाळलेला नंदीध्वज आणि झाकणाचा डबा माझा मी घेऊन येतो. फक्त वर्गाला एक खिडकी असावी.

आपला नम्र,
एक निवृत्त डाइंग मास्टर,
पूर्व भाग, सोलापूर