'हे आधीपासूनच असे आहेत का?'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साथीत आयसीयूतल्या खाटा अपुऱ्या पडल्या तर त्या कुणाला द्याव्यात, यावरची आपल्या अंकातली चर्चा वाचली, म्हणून हे पत्र. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४च्या सुरुवातीला आयसीयूत कुणाला दाखल करावे याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. साथ किंवा आपत्तीत साधने अपुरी असतील तर 'कमी प्राधान्या'चे, म्हणजे कुणाला मागे ठेवायचे याचे, निकष लक्षात घ्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटणार नाही. मी वाचले आणि पोटात गोळा आला.

माझ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय त्याचे ऐकत नाहीत आणि बोलणे फक्त आम्हा घरच्यांना कळते. पण आयपीएलमध्ये कुणी किती धावा काढल्या ते त्याला तोंडपाठ असते, आणि आमटीत मीठ कमी पडले की तो ताटाकडे बघतसुद्धा नाही. एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या लाटेत, तो चोवीस वर्षांचा असताना, त्याचा ऑक्सिजन ८७वर आला. ज्या रुग्णालयात पोचलो तिथे एकच खाट रिकामी होती आणि व्हरांड्यात तीन रुग्ण. एक तरुण डॉक्टर आला, मुलाकडे बघून मला म्हणाला, "हे आधीपासूनच असे आहेत का?" मी हो म्हटले. त्याने केसपेपरवर काहीतरी लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळला. काय लिहिले ते मी नंतर वाचले: 'बेडरिडन', म्हणजे अंथरुणाला खिळलेला. माझा मुलगा सकाळी सातपासून व्हीलचेअरवर बसलेला असतो. हृदय, मूत्रपिंडे ठणठणीत. छातीला स्टेथोस्कोप लागायच्या आधीच पायांवरून निकाल लागला होता.

त्या डॉक्टर पोराला मी दोष देत नाही. दोन रात्री तो झोपला नसावा. खाट शेवटी मिळाली ती माझ्या दिरांच्या ओळखीने, एका फोनवर. हे लिहिताना लाज वाटते, कारण आमच्या शेजारी थांबलेल्या आजोबांचे पुढे काय झाले हे विचारायचे धाडस मला झाले नाही. म्हणूनच 'असले नियम लिहू नका, डॉक्टरांच्या विवेकावर सोडा' असे कुणी म्हणाले की मी गप्प बसू शकत नाही. आपल्याकडे न लिहिलेला नियम म्हणजे वशिला.

वाटप करूच नये असे माझे म्हणणे नाही. दोन व्हेंटिलेटर आणि वीस रुग्ण असतील तर कुणाला तरी नाही म्हणावे लागणार. ते कशावरून म्हणायचे, एवढाच प्रश्न आहे. आणि निकष चांगल्या हेतूने लिहिलेला असला तरी तो कुठे घसरतो याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. ब्रिटनमध्ये 'नाइस' या सरकारी संस्थेने २० मार्च २०२० रोजी कोविड रुग्णांसाठी सूचना काढल्या आणि दाखल होताना प्रत्येक प्रौढाची दुर्बलता नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मोजायला सांगितली. ही मोजपट्टी मुळात वृद्धांसाठी बनलेली. अंघोळ, कपडे, जेवण या सगळ्याला दुसऱ्याची मदत लागली की माणूस थेट सातव्या पायरीवर. म्हणजे माझा चोवीस वर्षांचा मुलगा आणि म्हातारपणाने पूर्ण परावलंबी झालेले नव्वदीचे आजोबा एकाच रांगेत! दिव्यांगांच्या संघटनांनी आणि पालकांनी आवाज उठवला. पाच दिवसांत, २५ मार्चला, सुधारणा झाली: तरुणांना, तसेच सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा दीर्घकाळ स्थिर असलेले अपंगत्व असणाऱ्यांना ही मोजपट्टी लावू नये. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या २०१०च्या आराखड्यात तर तीव्र मतिमंदत्व असलेल्यांना व्हेंटिलेटर देण्यास अयोग्य धरता येईल, असे चक्क लिहिलेले होते. तक्रार झाली आणि एप्रिल २०२०मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या नागरी हक्क कार्यालयाने त्या राज्याला तो मजकूर सोडायला लावला. जर्मनीत नऊ जण घटना न्यायालयात गेले. अशा वाटपात दिव्यांगांशी भेदभाव होणार नाही याची तजवीज संसदेने केली पाहिजे, असे न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये बजावले. त्यावर झालेला कायदा पुढे अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द झाला, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे कायदा आहे आणि तो चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ३मध्ये भेदभावाला मनाई आहे, कलम ८मध्ये आपत्तीत समान संरक्षण, आणि कलम २५मध्ये तर तपासणीत व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद. कायदा प्राधान्य म्हणतो आणि व्हरांड्यात प्राधान्य कमी होते, याचा मेळ कुणीतरी घालायला हवा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. राज्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात आयुक्तालय आहे. पुढची साथ यायच्या आत आरोग्य विभागाबरोबर बसून त्यांनी एक पान लिहावे.

त्या पानावर काय असावे? या आजारातून हा माणूस आत्ता वाचेल का, एवढेच बघावे, आणि तेही तपासून. आयुष्याचा दर्जा, पुढे किती वर्षे जगेल, किती मदत लागते, हे हिशेबात नको. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणाऱ्या आजारात, श्वासाचे स्नायू खरेच दुबळे झालेले असू शकतात. ते जरूर मोजावे, पण त्या माणसाचे मोजावे, आजाराचे नाव वाचून ठरवू नये. रुग्ण किती शुद्धीवर आहे याचे गुण डॉक्टर देतात, त्यात बोलण्याला पाच गुण असतात. जो जन्मापासून बोललाच नाही त्याचे त्यातले चार तिथेच जातात आणि तो आहे त्याहून अत्यवस्थ ठरतो. तेव्हा तो एरवी कसा असतो हे घरच्यांना विचारून गुण द्यावेत. घरून आणलेले बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारे मशीन, ज्याचे आहे त्याच्याकडेच राहावे. आणि ज्याचे बोलणे फक्त आईला कळते त्याच्याजवळ पीपीई किट घालून का होईना, आईला बसू द्यावे. माझ्या मुलाला अकरा दिवसांत दोनदा पाणी हवे होते की कूस बदलायची होती, हे सिस्टरना कळले नाही. खिडकीतून मी खुणा करत होते.

अकराव्या दिवशी तो घरी आला. डिस्चार्ज कार्डावरही 'बेडरिडन' तसेच उतरवलेले होते. व्हीलचेअर ढकलत आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आलेल्या वॉर्डबॉयला मी ते दाखवले. तो म्हणाला, "मावशी, ते असंच लिहितात."

— एक आई, कऱ्हाड